पिकअपच्या माहितीपत्रकात क्राऊन-पिनियनचा आकडा का नसतो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि पिकअप घेण्याचा विचार पुढे ढकलत आलेल्या अनेकांनी तो पुन्हा हाती घेतला. आमच्या जुन्नर तालुक्यात शेतमालाची वाहतूक प्रामुख्याने या गाड्यांवरच चालते. त्यामुळे आळेफाट्यावर किंवा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात चार मालक एकत्र आले की कोणती गाडी घ्यावी हा विषय निघतोच. या चर्चेत तीन प्रश्न ठरलेले असतात: पासिंग (म्हणजे कागदोपत्री मान्य भार) किती टनाचे, इंजिन किती एचपीचे आणि अ‍ॅव्हरेज किती. चौथा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, विक्रेता आपणहून सांगत नाही आणि मी आजवर पाहिलेल्या माहितीपत्रकांत त्याचे उत्तर क्वचितच छापलेले असते. मागच्या अ‍ॅक्सलमधील क्राऊन-पिनियनचे, म्हणजे तिथल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांच्या दातांचे, गुणोत्तर काय, हा तो प्रश्न. आधीच्या तीन प्रश्नांच्या उत्तरांना अर्थ येतो तो या चौथ्यामुळे, आणि म्हणूनच हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोहोचताना दोन ठिकाणी कमी होतात. पहिले ठिकाण गिअरबॉक्स. तिथला बदल चालकाच्या हातात असतो. दुसरे ठिकाण मागचा अ‍ॅक्सल. तिथला आकडा कारखान्यातून गाडी बाहेर पडतानाच ठरलेला असतो आणि तो प्रत्येक गिअरला सारखाच लागू होतो. क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 10 असतील तर गुणोत्तर 4.1 होते; क्राऊनला 39 आणि पिनियनला 8 असतील तर ते 4.875 होते. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटर वेगाने चाक मिनिटाला सुमारे 444 फेरे घेते. वरचा गिअर सरळ, म्हणजे एकास एक, असेल तर पहिल्या अ‍ॅक्सलवर इंजिन सुमारे 1820 फेऱ्यांवर राहते आणि दुसऱ्यावर सुमारे 2170 वर. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे एकाहून कमी गुणोत्तराचा, असेल तर दोन्ही आकडे त्याच प्रमाणात खाली येतात, पण त्यांच्यातला फरक सुटत नाही. आकडा मोठा असला की प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी मिळणारी ओढ जवळजवळ 19 टक्क्यांनी वाढते आणि त्याच वेगासाठी इंजिनाला तितकेच जास्त फिरावे लागते. एवढाच व्यवहार आहे आणि तो फुकट होत नाही.

यावरून लहान आकड्याचा अ‍ॅक्सल डिझेल वाचवतो आणि मोठ्या आकड्याचा डिझेल खातो, असा सरळ निष्कर्ष बहुतेक जण काढतात. रिकाम्या गाडीपुरता आणि सपाट रस्त्यापुरता तो बऱ्याच अंशी खरा आहे. भरलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र इंजिनाचा स्वभाव आधी पाहावा लागतो. आजची कॉमन रेल टर्बो डिझेल इंजिने आपली सर्वाधिक ओढ साधारणपणे 1400 ते 2200 फेऱ्यांच्या पट्ट्यात देतात. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमधील 2523 सीसीचे इंजिन याच जातीचे आहे. आता 4.1 च्या अ‍ॅक्सलवर 0.8 चा पाचवा गिअर असेल, तर ताशी 60 ला इंजिन साधारण 1460 फेऱ्यांवर, म्हणजे पट्ट्याच्या अगदी खालच्या काठावर असते. वेग 50 वर आला की ते 1200 च्या घरात उतरते आणि गाडी थरथरू लागते. गावागावांतून जाणाऱ्या, गतिरोधकांनी भरलेल्या आपल्या राज्यमार्गांवर भरलेली गाडी सलग 60 ने किती वेळ चालते हे चालकांना सांगायला नको. परिणाम असा की पाचवा गिअर बहुतेक वेळ नुसता शोभेला राहतो, चालक चौथ्यातच गाडी रेटतो आणि कागदावर वाचलेले डिझेल रस्त्यावर वाचत नाही. त्याच रस्त्यावर 4.875 ची गाडी पाचव्यात आरामात चालते. म्हणजे ज्या अ‍ॅक्सलला आपण खादाड म्हणत होतो, तोच इथे काटकसरीचा ठरू शकतो.

अश्वशक्तीबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण आपल्याकडे तिचे आकर्षण जरा जास्तच आहे. टाटांनी 2005 साली ‘एस’ ही छोटी मालवाहू गाडी बाजारात आणली तेव्हा तिच्यात दोन सिलिंडरचे, 702 सीसीचे, 16 अश्वशक्तीचे इंजिन होते आणि तेवढ्यावर ‘छोटा हाथी’ने शहरांतली आणि बाजारगावांतली मालवाहतूक बदलून टाकली. आज टाटांच्याच योद्धा 2.0 मध्ये 2.2 लिटरचे, 100 अश्वशक्तीचे इंजिन मिळते. इन्ट्रा व्ही-50 मध्ये दीड लिटरचे, 80 अश्वशक्तीचे. आकडे वाढले हे चांगलेच झाले. पण एकूण तीन टन वजनाच्या गाडीला पंधरास एक अशा चढावर ताशी 30 ने चढायला चाकाशी किती शक्ती लागते याचे गणित मांडले, तर उत्तर 27 अश्वशक्तीच्या आसपास येते. म्हणजे 75 अश्वशक्तीच्या इंजिनाकडे ती मुबलक आहे. प्रश्न उरतो तो ती शक्ती त्या वेगाला हाताशी लागते का, एवढाच. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर 1.4 धरले, तर ताशी 30 ला 4.1 च्या अ‍ॅक्सलवर इंजिन 1275 फेऱ्यांवर येते आणि दम टाकते. चालकाला दुसरा टाकावा लागतो, इंजिन एकदम 2100 च्या पुढे किंचाळू लागते आणि पुढचा सगळा घाट तसाच जातो. 4.875 वर त्याच तिसऱ्या गिअरमध्ये 1515 फेरे मिळतात आणि गाडी तिसऱ्यातच घाट काढते. दोन्ही गाड्यांत इंजिन एकच, माहितीपत्रकातली अश्वशक्तीही एकच. पण मालकाचा अनुभव इतका निराळा की एक जण कंपनीची स्तुती करतो आणि दुसरा तिला शिव्या घालतो.

माहितीपत्रकात चढाईच्या क्षमतेची टक्केवारी दिलेली असते, ती पाहून हा प्रश्न सुटतो असे काहींना वाटते. ती टक्केवारी पहिल्या गिअरमधली असते. गाडी चढावर उभी राहून निघेल की नाही एवढेच ती सांगते; निघाल्यावर कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाने आणि किती डिझेल पिऊन वर जाईल, हे तिच्यावरून कळत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली त्याकडे येतो. घाटातून जाणारी गाडी म्हटली की मोठ्या आकड्याचा अ‍ॅक्सल घ्यावा, हा सल्ला सरसकट दिला जातो. आपल्या राज्यात घाट कुठे आहे यापेक्षा माल घाट चढतो की उतरतो, हे आधी पाहिले पाहिजे. ओतूर-नारायणगावकडचा माल माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणमार्गे मुंबई आणि वाशीच्या बाजारात जातो. वीस किलोची साठ-पासष्ट क्रेट भरलेली गाडी उताराला लागते आणि रिकामी क्रेट घेऊन हलकी होऊन परत चढते. नाशिककडचा भाजीपाला कसारा घाटाने असाच खाली उतरतो. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्यात जाते तीही भरल्या गाडीने उतरूनच. या वाहतुकीत चढावरच्या ओढीचा प्रश्न तितका मोठा नाही, कारण चढताना गाडीत फारसे वजन नसते. कोकणातून वर येणाऱ्यांचे नेमके उलटे आहे. रत्नागिरीचा हापूस ‘आंबा’ नावाच्या घाटाने मलकापूर-कोल्हापूरकडे येतो, चिपळूणकडचा माल कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला चढतो, देवगडचे आंबे आणि मालवणची मासळी फोंडा किंवा गगनबावड्याच्या बाजूने वर येते. त्यांचा माल नाशवंत, वेळ रात्रीची आणि सगळी चढण भरल्या गाडीने. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची गाडी ओतूरच्या आणि देवगडच्या मालकाने घेतली, तर दोघांच्या गरजा एकच आहेत असे कोणत्या आधारावर मानायचे? सोलापूर-लातूर-नांदेडकडच्या सपाट, सरळ रस्त्यांवर दिवसभर एकाच वेगाने धावणाऱ्याची गरज तर आणखी वेगळी. तिथे लहान आकड्याचा अ‍ॅक्सल खरोखर डिझेल वाचवेल आणि तो न मिळाल्याबद्दल त्या मालकाने तक्रार केली तर ती रास्त असेल.

भरली गाडी उतरवणाऱ्यांना अ‍ॅक्सलशी काही देणेघेणे नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. उलट त्यांना मोठ्या आकड्याचा उपयोग दुसऱ्या कारणाने होतो: त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडीला इंजिनाचा जोरही जास्त अडवतो आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. तीन टनांची गाडी 600 मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात पन्नासहून अधिक लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये कोंबायची की इंजिनाला तिचा वाटा उचलू द्यायचा, हे चालकाच्या गिअर निवडण्यावर आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ठरते. डिझेल वाचवण्याच्या नावाखाली घाटात गाडी न्यूट्रलवर सोडण्याची जी सवय आपल्याकडे मुरली आहे, तिला आजच्या इंजिनांत कसलाही आधार उरलेला नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की आताची इंजिने डिझेलचा पुरवठा बंदच करतात, कारण चाके इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलवर टाकली की इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहण्यासाठी डिझेल घेत राहते. म्हणजे न्यूट्रलवाला डिझेलही जाळतो आणि ब्रेकही जाळतो. ही गोष्ट शिकाऊ चालकांना कोणी सांगत नाही याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

चढणीचा खर्चही मोजून पाहावा. त्याच तीन टनांच्या गाडीला 600 मीटर वर नेण्यासाठी, रस्त्याचे आणि हवेचे घर्षण सोडून, केवळ उंचीपोटी सुमारे दीड लिटर डिझेल लागते. इथे डिझेलमधल्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग कामी येतो असे मी धरले आहे. गाडी रिकामी, पावणेदोन टनांची असेल तर हाच खर्च लिटरच्या आत राहतो. कोणताही अ‍ॅक्सल घातला तरी हे डिझेल चुकत नाही. अ‍ॅक्सलची निवड वाचवते ते वरचे वाया जाणारे डिझेल: चुकीच्या गिअरमध्ये किंचाळणारे इंजिन, हाफ क्लचवर धरलेली गाडी आणि त्यातून वर्षाच्या आत बदलावी लागणारी क्लच प्लेट. मालक डिझेलचा हिशेब वहीत लिहितात, पण क्लच प्लेटचा खर्च दुरुस्तीत टाकतात. तो गिअरिंगच्या खात्यावर मांडला तर बरेच काही उलगडेल.

सपाट रस्त्यावर मात्र खरा चोर हवा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 60 वरून 80 वर गेले की तो पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो. केबिनच्या वर दोन थर क्रेट रचलेली आणि ताडपत्री फडफडत जाणारी गाडी 80 ने पळते, तेव्हा तिला रस्त्याच्या घर्षणापेक्षा हवाच जास्त अडवत असते. मालवाहू गाड्यांना ताशी 80 ची मर्यादा घालणारा वेगनियंत्रक बसवणे बंधनकारक आहेच, तेव्हा आपला सगळा विचार 40 ते 80 या टप्प्यापुरताच करायचा असतो. या टप्प्यात 80 ऐवजी 65 ने चालणे आणि ताडपत्री घट्ट आवळणे यातून जेवढे डिझेल वाचेल, तेवढे अ‍ॅक्सलच्या आकड्यातील फरकाने क्वचितच वाचेल. हे सांगणे माझ्याच मुद्द्याला थोडे मारक आहे याची मला कल्पना आहे, पण बाजारात माल पहाटे पोहोचवण्याच्या घाईत मालकच चालकाला पळवतात आणि मग अ‍ॅव्हरेजसाठी कंपनीला दोष देतात, हेही लिहिले पाहिजे.

कंपनी जे अ‍ॅव्हरेज सांगते ते खोटे असते असे मी म्हणणार नाही. ते ठरलेल्या चाचणीचे उत्तर असते. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात, वेग वाढवण्या-घटवण्याचे एक ठरलेले आवर्तन तिच्याकडून करून घेतात आणि जवळजवळ रिकाम्या गाडीचेच वजन हिशेबात धरतात. पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था ही चाचणी नियमानुसार आणि चोखपणे करते, यात शंका नाही. पण जी गाडी आयुष्याचा अर्धा काळ भरलेली असणार, तिच्या मालकाला रिकाम्या गाडीचा आकडा काय कामाचा? प्रवासी मोटारींना इंधन-कार्यक्षमतेचे निकष 2017 पासून लागू झाले. बारा टनांवरील अवजड मालवाहू गाड्यांसाठीही त्याच वर्षी निकष जाहीर झाले आणि त्यांत ताशी 40 व 60 या स्थिर वेगांवर वापर मोजण्याची पद्धत स्वीकारली गेली. म्हणजे वजनासह, ठरावीक वेगाला मोजण्याची रीत आपल्याकडे आहे. ती पिकअपच्या खरेदीदारापर्यंत पोहोचलेली नाही, एवढेच.

अमेरिकेत पिकअप हे घरोघरचे वाहन आहे आणि तिथला ग्राहक या बाबतीत आपल्यापेक्षा सुदैवी आहे. फोर्ड एफ-150 मागवताना 3.31, 3.55 किंवा 3.73 असे अ‍ॅक्सलचे पर्याय इंजिनानुसार नोंदवता येतात. रॅम 1500 साठी 3.21, 3.55 आणि 3.92 असे आकडे असतात. कोणत्या इंजिनासोबत कोणता अ‍ॅक्सल घेतला तर किती वजनाचा ट्रेलर ओढता येईल, याचे तक्ते कंपन्या स्वतः छापतात. ट्रेलर ओढणारा मोठा आकडा घेतो, नुसता कामावर ये-जा करणारा लहान आकडा घेतो, आणि आपण काय सोडले व काय मिळवले हे दोघांनाही माहीत असते. तिथल्या गाड्यांना आता दहा गिअरचे स्वयंचलित गिअरबॉक्स आले आहेत. खालचा गिअर खूप खाली आणि वरचे दोन-तीन खूप वर असल्यामुळे अ‍ॅक्सलच्या आकड्याचे महत्त्व तिथे पूर्वीइतके राहिलेले नाही. आपल्या पिकअपला हाताने टाकायचे पाचच गिअर. दोन गिअरमधले अंतर मोठे आणि ते भरून काढायला दुसरे काही नाही. म्हणजे जिथे या आकड्याची गरज कमी होत चालली आहे तिथे तो छापलेला मिळतो आणि जिथे त्याच्यावाचून अडते तिथे मिळत नाही.

ही माहिती नसल्यामुळे मालक जे उपाय करतात ते पाहण्यासारखे आहेत. पहिला उपाय टायरचा. 215/75 आर 15 मापाच्या टायरचा व्यास हिशेबाने सुमारे 70 सेंटीमीटर येतो, त्याजागी 7.00-15 चा टायर टाकला तर तो सुमारे 75 पर्यंत जातो. गाडी उंच दिसते, खड्ड्यात कमी आपटते, पण अ‍ॅक्सलचा आकडा सहा-सात टक्क्यांनी लहान केल्यासारखा परिणाम होतो आणि चढावर गाडी मंदावते. शिवाय चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते हे मीटरला कळत नाही. शंभर किलोमीटर गेल्यावर मीटर त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच दाखवते आणि मालक म्हणतो, टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडले. दुसरा उपाय याहून धाडसी: दुसऱ्या मॉडेलचे क्राऊन-पिनियन आणून बसवायचे. ज्या गाड्यांत मीटरला नोंद गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून जाते, त्यांत 4.1 च्या जागी 4.875 घातले की तोच रस्ता मीटरवर 19 टक्क्यांनी लांब दिसतो. मालकाला वाटते, ओढही वाढली आणि अ‍ॅव्हरेजही वाढले. वाढलेली असते ती फक्त ओढ. अ‍ॅव्हरेजची वाढ मीटरची असते. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांत नेमके किती खोल बसले पाहिजेत, ही बाब सूक्ष्म असते. ती बिनसली की अ‍ॅक्सलच्या हौसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, घरघर सुरू होते आणि वॉरंटीचे दार तर आधीच बंद झालेले असते. खरे अ‍ॅव्हरेज जाणून घ्यायचे असेल तर टाकी काठोकाठ भरून, मैलाच्या दगडांवर किंवा मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजून, पुन्हा काठोकाठ भरावी. मीटरवर विसंबू नये.

आपल्या गाडीत कोणता आकडा आहे हे ज्याला आजच जाणून घ्यायचे आहे, त्याला ते स्वतः मोजता येते. कधीकधी अ‍ॅक्सलच्या हौसिंगवर छोटी पट्टी असते, तिच्यावर दातांची संख्या कोरलेली असते. मात्र चिखल आणि ऑइलच्या थराखाली ती दिसणे अवघड. ती नसेल तर सपाट जागी उरलेल्या तिन्ही चाकांना दगड किंवा लाकडी ओंडके नीट लावावेत, मागचे एकच चाक जॉकवर उचलून अ‍ॅक्सलखाली भक्कम टेकू द्यावा आणि गाडी न्यूट्रलवर ठेवावी. खडूने टायरवर एक आणि प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे येणाऱ्या दांड्यावर, एक खूण करावी. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असल्यामुळे उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची एक फेरी होते. म्हणून चाक बरोबर दोन फेरे फिरवून तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजावे. शाफ्ट चारपेक्षा किंचित जास्त फिरला तर आकडा 4.1 च्या आसपास, जवळजवळ पाच फिरला तर 4.875 च्या आसपास. गॅरेजमधल्या कोणत्याही होतकरू मुलाला हे दहा मिनिटांत जमते. पण नऊ-दहा लाखांची वस्तू विकत घेणाऱ्याने तिच्याखाली खडू घेऊन का शिरावे?

एक आक्षेप मला ठाऊक आहे. पिकअपवाले पासिंगपेक्षा जास्तच भरतात, मग गिअरिंगच्या बारकाव्यांना काय अर्थ, असे कोणी म्हणेल. तीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतुकीचा परवाना (परमिट) लागत नाही आणि म्हणूनच अनेक मॉडेलांचे एकूण वजन त्या रेषेच्या जरा अलीकडे ठेवलेले असते. ती रेषा गाडीपुरती पाळली जाते, मालापुरती नव्हे, हे खरे आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2 हजार रुपये दंडाची तरतूद असूनही ही सवय गेलेली नाही. मोठ्या आकड्याचा अ‍ॅक्सल या सवयीला खतपाणी घालतो हेही मान्य करायला हवे, कारण गाडी निमूट ओढत राहते आणि जादा भार कळून येतो तो उतारावर, ब्रेकला. पण माहिती लपवून हा प्रश्न सुटत नाही. उलट, ठरलेल्या भारासह गाडी कोणत्या चढावर कोणत्या गिअरमध्ये किती वेगाने जाईल हे छापलेले असेल, तर त्यापलीकडे गेल्यावर काय होते तेही मालकाला ताडता येईल.

म्हणून वाहननिर्मात्यांकडे आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे माझे मागणे एवढेच आहे की साडेतीन टनांपर्यंतच्या प्रत्येक मालवाहू गाडीच्या माहितीपत्रकात पाचही गिअरची गुणोत्तरे, मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर आणि टायरचे माप एकाच ओळीत छापावे. ताशी 40 आणि 60 या वेगांना पूर्ण भारासह आणि रिकाम्या गाडीने होणारा डिझेलचा वापर वेगवेगळा द्यावा. आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या गाड्यांसोबत हे पत्रक मराठीत द्यावे. ज्या मॉडेलला दोन अ‍ॅक्सल देणे कंपनीला शक्य आहे, तिथे ते पर्याय म्हणून द्यावेत आणि नोंदणीच्या वेळी ग्राहकाने कोणता निवडला हे पावतीवर लिहावे. सीएनजीवरील पिकअपबाबत हे अधिकच गरजेचे आहे, कारण तिथे सिलिंडरचे वजन भाराच्या हिशेबात येते आणि इंजिनाची ओढ डिझेलइतकी खालच्या फेऱ्यांवर मिळत नाही. हे होईपर्यंत खरेदीदारांनी बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्याकडून अ‍ॅक्सलचा आकडा लेखी मागून घ्यावा आणि चाचणीसाठी गाडी रिकामी न घेता, पासिंगइतका माल भरून, आपल्याच घाटात, आपल्या मालाच्या दिशेने चालवून पाहू द्यावी असा आग्रह धरावा.

आपला नम्र,
एक पिकअप मालक
ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे